बालपणीच्या आघातावरचा लघुभयपट : भीती कुणाला वाटते आणि कुणाची?

पिवळीहळद :

सांगलीत लघुभयपट करतोय. लांबी १४ मिनिटं, पटकथा १३ पानं, चित्रीकरणाचे दिवस चार. गोष्ट अशी : नऊ वर्षांची मुलगी. आई मार्केट यार्डातल्या गोदामात हळद निवडायला जाते आणि जाताना मुलीला घरात ठेवून बाहेरून कडी लावते. दुपारी कुणीतरी कडी काढून आत येतं. मुलीच्या डोक्यात तो मुंजा असतो. अकराव्या मिनिटाला प्रेक्षकाला कळतं की येणारा तिचा मामा आहे.

बाकीची पात्रं मुद्दाम वेगवेगळ्या समाजांतली घेतली. शेजारी म्हातारी जोगतीण, समोर एक मुका मुलगा, गल्लीत येणारा पोतराज, ओसरीवर आंधळी आजी. घर म्हणून वाई-मेणवलीकडे वाडा शोधतोय. पटकथा वाचलेल्या दोघांचं म्हणणं असं की विविधता आहे, पण ती उलटी पडलीय. कुठं पडली आणि प्रत्यक्ष कामात काय बदलायचं, ते सांगा. पटकथा तुम्हा सगळ्यांकडं आहे.

माणदेश :

पात्रांची मोजदाद बाजूला ठेवा. कोरा कागद घ्या आणि प्रत्येक पात्र पडद्यावर पहिल्यांदा येतं तो शॉट लिहून काढा. कॅमेरा कुठून बघतोय, उजेड कुठून पडतोय, कानावर काय येतंय, आणि त्या क्षणी मुलगी काय करते.

तुमच्या पानांवर हे असं आहे. जोगतीण दाराच्या फटीतून, खालून, चौंडक्याच्या आवाजावर. पोतराज आसुडाच्या फटक्यासरशी. मुका मुलगा मुलीच्या पाठीमागे, न हलता. आजीचे पांढरे डोळे अगदी जवळून. आणि मामा? उजेडात, हातात भडंगाची पुडी, मुलगी पळत जाऊन बिलगते.

म्हणजे अकरा मिनिटं प्रेक्षकाकडून तुम्ही जोगतिणीला, पोतराजाला आणि अपंग माणसांना घाबरायची तालीम करून घेता. शेवटच्या तीन मिनिटांत खरा माणूस दाखवला तरी ती तालीम पुसली जात नाही. डोकं निष्कर्ष बदलतं, पण अंगावर आलेला काटा त्या चेहऱ्यालाच चिकटून राहतो. भयपटात प्रतिनिधित्व म्हणजे कोण कोण दिसलं एवढंच नव्हे. कुणाच्या डोळ्यांनी बघितलं आणि कुणाला बघून दचकायला लावलं, तिथं ते ठरतं.

आपल्या भागात हा बारीकसारीक प्रश्न नाही. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारे समजून नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावानं ठार मारलं. सप्टेंबर २०२२ मध्ये जत तालुक्यात लवंग्याला चार साधूंना त्याच संशयावरून मारहाण झाली. १८७१ च्या कायद्यानं जन्मानंच गुन्हेगार ठरवलेल्या जमाती ३१ ऑगस्ट १९५२ ला कायद्यातून मुक्त झाल्या, पण फिरस्त्या माणसाच्या पोशाखाकडं संशयानं बघायची सवय राहिली. मुलांवरच्या अत्याचाराच्या गोष्टीत फिरस्त्याला खोटा सुगावा म्हणून वापरणं मला कुठल्याच अंगानं पटत नाही.

मुंज्याचंही तसंच. आपली भुतं जातीनिशी येतात. मुंजा म्हणजे मुंज झालेला पण सोडमुंजीआधी वारलेला ब्राह्मणाचा मुलगा, पिंपळावरचा. समंध ब्राह्मणाचा, खवीस मुसलमानाचा, अलवंतीण बाळंतपणात गेलेल्या बाईची. हळद निवडणाऱ्या बाईच्या पोरीच्या मनात मुंजा आला कुठून? त्या घरात पोरांना कसली भीती घालतात ते विचारून घ्या. कृष्णाकाठच्या वस्तीत ती पाण्यातल्या देवतांची, साती आसरांची असेल, पुराच्या पाण्याची असेल, नाहीतर नुसतं ‘पोलिसांत देईन’ असेल. यातलं पुराचं पाणी सगळ्यात खरं आहे. २००५, २०१९, २०२१ असे तीन पूर या शहरानं बघितलेत. फक्त पुरात गेलेल्या खऱ्या माणसांची भुतं करू नका. २०१९ च्या पुरात ब्रह्मनाळची बोट उलटली, तिथली माणसं अजून तिथंच राहतात.

आणि वाडा सोडाच. गोदामात निवडायला जाणाऱ्या बाईचं घर दहा बाय दहाची पत्र्याची खोली असतं.

पिवळीहळद :

शॉटचा कागद करून बघितला. अगदी तसंच निघालं. पण वाडा नाही तर भय उभं कशावर करायचं? लांब बोळ नाही, जिना नाही, माजघर नाही.

उजेडमीटर :

पत्र्याच्या खोलीत भय उलट्या बाजूनं येतं. वाड्यात कुणाला ऐकू जात नाही म्हणून भीती. पत्र्याच्या घरात सगळ्यांना सगळं ऐकू येतं आणि तरी कुणी येत नाही. तुमच्या गोष्टीला हेच जास्त लागू आहे.

खोली प्लायवर उभी करा, एक भिंत काढता येणारी. दहा बाय दहाच्या खऱ्या खोलीत कॅमेरा, माइक, दोन माणसं आणि मूल मावत नाही, आणि दुपारी पत्रा तापला की मूल तासाभरात थकतं. पत्र्याला सहा-सात खिळ्यांची भोकं पाडून बाहेरून एकच कडक दिवा मारला की उजेडाच्या काड्या आत पडतात. धुरळा दिसायला हवा तर धुक्याचं यंत्र हलकं फिरवा. राळ, ऊद किंवा मिरची जाळू नका, दम लागणारी मुलं असतात.

आता त्वचेचं बोलतो, कारण सावळ्या मुलीला घेऊन अंधारात उभी केली आणि चेहरा दिसलाच नाही, तर कसलं प्रतिनिधित्व? चुका ठरलेल्या असतात. पहिली, सावळ्या चेहऱ्यावर समोरून उजेड वाढवत नेणं. त्यानं चेहरा सपाट आणि राखाडी होतो. सावळी त्वचा उजेड परावर्तित करून आकार दाखवते, म्हणून उजेडाचा उगम मोठा आणि बाजूनं, थोडा मागून ठेवायचा. चार बाय चारचा थर्माकोल चार फुटांवर, त्यावर दिवा उडवून. गालाच्या हाडावर आणि कपाळावर चकाकी आली की चेहरा दिसला. म्हणून पावडर लावायची नाही. खोबरेल तेलाचं एक बोट पुरतं.

दुसरी, दोघांच्या फ्रेममध्ये गोऱ्या नटावर उजेड मोजणं. सावळ्या नटाला दिव्याच्या जवळच्या बाजूला उभं करा. अंतर निम्मं झालं की उजेड चौपट होतो, म्हणजे कॅमेऱ्याच्या मापात दोन स्टॉप, आणि तो फारसा खटाटोप न करता मिळतो. तिसरी चूक शाळेच्या पांढऱ्या शर्टाची. शर्ट सांभाळायला गेलं की चेहरा बुडतो. लिटरभर उकळत्या पाण्यात तीन चमचे चहा पावडर, गाळून शर्ट दहा मिनिटं बुडवा. पडद्यावर तो पांढराच दिसतो, पण भगभगत नाही.

चौथी चांदण्याची. निळा दिवा गव्हाळ-सावळ्या त्वचेवर मेलेला रंग देतो. कॅमेरा ३२०० केल्विनवर (उजेडाच्या रंगाचं माप, आकडा वाढला की निळसर) ठेवून दिवा ५६०० ऐवजी ४३०० च्या आसपास ठेवला तर रात्रही दिसते आणि मूल जिवंत दिसतं. मोबाइलवर चित्रीकरण असेल तर चेहरा उजळ करणारी सोय आधी बंद करा, ती आपणहून मुलीला दोन छटा गोरी करते. एक्स्पोजर लॉक करा. सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर १/५०, कारण आपली वीज ५० हर्ट्झची. छोट्या पेट्रोल जनरेटरवर हर्ट्झ हलतं आणि स्वस्त एलईडी पडद्यावर पट्टे मारतात, तेवढी चाचणी आदल्या दिवशी करा.

आणि गोरी मुलगी घेऊन तिला काळं रंगवायचं, हे पुढं कुणी सुचवलं तर त्याला तिथंच थांबवा. सावळी मुलगीच घ्या.

तिसरी_घंटा :

मूल घेताय तर कागद आधी. बाल व किशोर कामगार कायद्यात २०१६ ला बदल झाला, त्याखालच्या २०१७ च्या नियमांत कलाकार म्हणून काम करणाऱ्या १४ वर्षांखालच्या मुलांसाठी अटी आहेत. जिल्हाधिकाऱ्यांकडे नमुना ‘क’ मध्ये हमीपत्र द्यायचं, त्यात मुलांची यादी, पालकांची संमती, आणि मुलांची जबाबदारी घेणाऱ्या माणसाचं नाव. परवानगी सहा महिने चालते. दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही, मध्ये विश्रांती. पाच मुलांमागे निदान एक जबाबदार माणूस. मुलाच्या मेहनतान्यातले किमान २० टक्के त्याच्या नावानं राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत. आणि मुलाची स्वतःची इच्छा नसेल तर काम करून घेता येत नाही, ही अटही त्यातलीच. लघुपट छोटा आहे, ओळखीतलं मूल आहे, म्हणून कागद टाळू नका.

पाच तासांत प्रत्यक्ष सात-आठ सेटअप, म्हणजे कॅमेरा-दिव्यांच्या मांडण्या, होतात, त्याहून जास्त धरू नका. मुलीचे शॉट सकाळी घ्या. पाठमोरे, हात-पाय, सावली, हे सगळं बुटक्या बांध्याच्या मोठ्या बाईवर दुपारनंतर. रात्रीचं दृश्य दिवसा, खिडकी-दारांना दुहेरी काळं कापड लावून.

आता मुद्द्याचं. मामाच्या दृश्यात मूल नसणार. हा चवीचा प्रश्न नाही. मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या २०१२ च्या पोक्सो कायद्याच्या कलम १३ मध्ये खऱ्याबरोबर खोट्या, म्हणजे अभिनीत, लैंगिक कृत्यासाठीही माध्यमांत मुलाचा वापर गुन्हा आहे. पान ९ वरचं जे आहे ते पूर्ण काढा. कडी, चपला, तांब्या कलंडणं, आणि दारावरचा उजेड एवढ्यावर ते दृश्य उभं राहतं. मुलगी आणि मामाचं काम करणारा नट यांचा एकत्र शॉट फक्त भडंगाचा.

मुलीला पूर्ण पटकथा द्यायची नाही. तिच्यासाठी वेगळी चार पानांची गोष्ट लिहा : घरात एकटी असलेली मुलगी पावसाला घाबरते. पालकांना मात्र पूर्ण पटकथा, सहीसकट. निवड चाचणीत ‘तुझ्याबरोबर काही वाईट झालेलं आठव’ असं कधीही विचारू नका. खरंच झालेलं असेल तर तुम्ही ते उघडं करता आणि बंद करायला तुमच्याकडे काही नसतं. काम द्या, भावना मागू नका. परातीतल्या हळकुंडांतून २१ मोज आणि मोजताना दारावर टकटक झाली तरी थांबू नको. थांबलेली बोटं आणि चुकलेला आकडा, यातूनच भीती मिळते.

थांबायचा एक शब्द ठरवा, तो मुलीनंच निवडायचा. ती म्हणाली की कॅमेरा बंद, कारण विचारायचं नाही. दिवस संपल्यावर तिनं पात्राचा फ्रॉक स्वतः काढून टोपलीत ठेवायचा, तोंड धुवायचं, आणि सगळ्यांनी तिला तिच्या खऱ्या नावानं हाक मारायची. दहा मिनिटं लागतात.

रात्रपाळी :

सगळं मान्य, पण एक शंका मनापासून मांडतो. भयपटात कुणीतरी भीतीदायक लागतंच. जोगतीण नको, पोतराज नको, म्हातारी नको, मुका मुलगा नको, भूतही नको. सगळ्यांना सज्जन केलं तर उरतं काय? एक जनजागृतीची चित्रफीत. लहान मूल पोतराजाला खरंच घाबरतं. ते दाखवणं खोटं आहे का?

माणदेश :

खोटं नाही. मूल घाबरतं ते दाखवा, पण शॉट तिथं तोडू नका. आसूड वाजतो, मुलगी उंबऱ्यात दबकते. मग पोतराज घाम पुसतो, पाणी मागतो, मुलीच्या हातचा तांब्या घेऊन बूड वर करून पितो. अकरा सेकंद पुरतात. पुढच्या दुपारी कडी वाजते तेव्हा लांबून तोच आसूड ऐकू येतो आणि आता मुलीला वाटतं, तो इकडं यावा. तोच आवाज भीतीचा होता, तो आधाराचा झाला. हे सज्जन करणं नव्हे. यानं भय दुप्पट होतं, कारण आधार ऐकू येतोय आणि पोचत नाहीय.

सांगलीच्या रंगभूमीला हा प्रश्न जुना आहे. १८४३ मध्ये विष्णुदास भाव्यांनी इथं ‘सीतास्वयंवर’ उभं केलं. त्या परंपरेतला राक्षस राळेच्या भडक्यात आरोळी ठोकत यायचा, त्याला ओळखायला कष्ट पडत नसत. तुमच्या गोष्टीतला राक्षस नेमका ओळखू येत नाही, तो भडंग आणतो. त्याला रंग फासायला दुसऱ्याचा चेहरा उसना घेतला की गोष्टच खोटी पडते.

कानोसा :

आवाजाचं थोडं. चौंडकं, संबळ, हलगी ही वाद्यं भीतीची खूण म्हणून वापरायची खोड मराठी पडद्याला आहे. ज्यांच्या घरात ती पूजेची आणि पोटाची वाद्यं आहेत त्यांना ते लागतं. तेच अजानचं. ध्वनी मुलीच्या दिवसातून घ्या. कडी, हळद चाळायच्या चाळणीचा खरखराट, पत्रा तापून वाजतो तो टक्, गोदामातल्या हळदीला पॉलिश करायच्या पिंपाची लांबून घरघर. कडी एकूण चार वेळा वाजू द्या. पहिल्यांदा आईची, दोन ठोक्यांत, सरळ. दुसऱ्यांदा हळू, एकाच ठोक्यात. तिसऱ्यांदा अर्धी. चौथ्यांदा वाजायची तिथं शांतता. प्रेक्षकाचा कान तिसऱ्या वेळेपर्यंत शिकलेला असतो.

खालचा सूर हवाच असेल तर मिरजेचा तानपुरा घ्या. पंचमाची तार किंचित उतरवली की दोन सुरांत लाटा उठतात, बाकी काही वाजवावं लागत नाही. शिवाय बहुतेक लोक हे मोबाइलवर बघणार. १५० हर्ट्झच्या खालचं तिथं ऐकूच येत नाही, आणि संगणकावरच्या भयपटी घुमाऱ्याचा सगळा जोर तिथंच असतो. तानपुऱ्यात वरचे स्वर भरपूर, तो छोट्या स्पीकरमधूनही पोचतो. दचकवायला एकदम मोठा आवाज टाकू नका. यूट्यूब उणे १४ एलयूएफएसच्या (आवाजाच्या सरासरी पातळीचं माप) वरचं खाली ओढतं, त्यामुळे तो एक दणका सांभाळायला तुमची सगळी कुजबुज दबते. आणि ज्या प्रेक्षकावर असलं काही गुजरलंय त्याला दणका म्हणजे नुसता मार.

बोलीभाषा :

संवाद पुस्तकी झालेत. मुलगी ‘मी आत जाते’ म्हणते. सांगली-कोल्हापूरकडं बायका-मुलीही ‘मी जातो, मी करतो’ म्हणतात. ते तसंच ठेवा आणि संकलनात कुणी ‘दुरुस्त’ करू देऊ नका. ‘काय करायलाईस’, ‘आलतं’, ‘गेलतं’, ‘न्हाई’ एवढं पुरे, प्रत्येक वाक्याला ‘लका’ नको, ते माणाकडचं. शेजारी ऊसतोडीला बीडकडून आलेलं कुटुंब दाखवणार असाल तर ते ‘कवा’ म्हणणार नाहीत, ‘कव्हा’ म्हणतील. आणि ते गाळप हंगामातच असतील, साधारण दिवाळीच्या आगेमागे येतात, मार्चच्या सुमाराला जातात. चित्रीकरण मे महिन्यात आणि पडद्यावर त्यांची कोपी (झोपडी), असं करू नका.

जोगतीण सौंदत्तीच्या यल्लम्माला जाऊन आलेली, तिच्या तोंडी कन्नड येणं साहजिक आहे. जतच्या पूर्वेकडं तर घरं कन्नडच बोलतात. इथं उपशीर्षकं दृष्टिकोनाचं काम करतात. मुलीला कन्नड कळत नाही तोवर म्हातारीच्या बोलण्याला उपशीर्षक देऊ नका. आठव्या मिनिटाला म्हातारी तेच वाक्य परत म्हणते आणि या वेळी खाली ओळ येते : ‘माझ्याकडं येऊन बस.’ पहिल्यांदा जे मंत्रासारखं वाटलं ते बोलावणं होतं, हे प्रेक्षकाला तेव्हा कळतं. कन्नड ओळ जतच्याच बाईकडून म्हणवून घ्या, बंगळूरची कन्नड चालणार नाही.

पिवळीहळद :

कन्नडची युक्ती घेतली. जोगतिणीच्या डोक्यावर जट लिहिली होती, रंगभूषेत करायला सोपी म्हणून. ठेवू का?

माणदेश :

भीतीसाठी नको. जट आली म्हणून मुलीला देवीला सोडायची प्रथा होती, महाराष्ट्राच्या २००५ च्या कायद्यानं देवदासी प्रथेवर बंदी आहे. जट म्हणजे त्या बाईच्या लहानपणी तिच्यावर जे झालं त्याची खूण. ती पोर सात-आठ वर्षांची असताना तिच्याबद्दलचा निर्णय मोठ्यांनी घेतला. तुमच्या पटात आघात सोसलेली दुसरी व्यक्ती तीच आहे, आणि मुलीवर काय गुजरतंय ते पहिलं तीच ओळखते. एवढं धरलंत तर ठेवा. ओसरीवर बसून ती मुलीचे केस विंचरते, हा एक शॉट मला पानभर संवादांपेक्षा मोठा वाटतो.

समुपदेश :

आघाताबद्दल पटकथेत तीन गोष्टी चुकल्यात.

मुलगी किंचाळते आणि सगळं सलग आठवते. असं क्वचित होतं. लहान मूल गोठतं. आठवण तुकड्यांत राहते, वास, आवाज, जमिनीचा गारवा, आणि त्याला क्रम नसतो. दिसतं ते असं : कारण नसताना पोट दुखणं, सुटलेलं अंथरूण ओलं करणं परत सुरू होणं, एकच खेळ पुन्हा पुन्हा खेळणं. मुलगी बाहुलीला डब्यात घालून झाकण लावते, काढते, लावते. पांढऱ्या झगमगाटातली पूर्वदृश्यं काढून टाका आणि हळदीच्या वासावर भर द्या.

दुसरं, शेवटी तिला भगताकडं नेऊन मिरचीची धुरी देतात आणि ती मोकळी होते. भूत उतरवायच्या नावाखाली बांधणं, मारणं, मिरचीची धुरी देणं हे २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे. त्या कायद्यासाठी आयुष्य वेचलेले डॉ. नरेंद्र दाभोलकर साताऱ्याचे. त्या धुरीनं मूल बरं होताना दाखवणं म्हणजे आघाताला भूतबाधा म्हणणं, आणि गावागावांत मुलांचं तोंड अशानंच बंद होतं. धुरी ठेवायची तर ती दुसरा आघात म्हणून ठेवा.

तिसरं, हे फक्त मुलींचं नाही. महिला व बालविकास मंत्रालयाच्या २००७ च्या अभ्यासात १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलांशी बोलणं झालं. ५३.२२ टक्क्यांनी कुठल्या ना कुठल्या प्रकारचा लैंगिक अत्याचार सांगितला आणि त्यांत मुलगे निम्म्याहून थोडे जास्त होते. तुमचा समोरचा मुलगा नुसता साक्षीदार आहे की त्यालाही ती भडंगाची पुडी ओळखीची आहे? मला पटकथेत सगळ्यात न लिहिलेलं ते वाटलं.

लिहिणारे बऱ्याचदा अमेरिकेतल्या १९९८ च्या बालपणीच्या प्रतिकूल अनुभवांच्या अभ्यासाची यादी समोर ठेवतात. तो अभ्यास मोठा आहे, पण सॅन दिएगोतल्या आरोग्ययोजनेच्या सभासदांवर झाला, बहुतेक गोरे आणि शिकलेले. गरिबी, जातीवरून हिणवणं, दरसाल स्थलांतर हे त्या यादीत नव्हतंच. आईला रोज मुलीला कोंडून जावं लागतं, हा तुमच्या गोष्टीतला पहिला आघात आहे, आणि तो आईच्या निष्काळजीपणाचा नाही, पाळणाघर नसण्याचा आहे. आईला दोषी करणारा पान १२ वरचा संवाद काढा.

माहिती गोळा करताना एखाद्या मुलानं खरं काही सांगितलं तर ते टिपणवहीत ठेवता येत नाही. पोक्सो कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. कलम २३ मुळे खऱ्या घटनेतलं गाव, शाळा, नातं ओळखू येईल असं काही प्रसिद्ध करता येत नाही.

उजेडमीटर :

हळदीवरून एक सुचवतो, सांगलीबाहेर कुणाला सुचणार नाही असं. मुलीचा हळदीचा पंजा भिंतीवर उमटतो आणि डोळ्यांदेखत लाल होतो. संगणकाची गरज नाही. अर्धा कप पाण्यात दोन चमचे हळद. भिंतीला ताज्या चुन्याचे दोन हात, एक रात्र वाळलेले. चुना अल्कधर्मी असतो, ओली हळद त्यावर काही सेकंदांत विटकरी-लाल होते, कुंकू करतात तीच क्रिया. फसतं कुठं? जुन्या चुन्यावर. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडनं चुना निवतो आणि मग पंजा पिवळाच राहतो. डिस्टेंपरवर तर होतच नाही, तिथं कपभर पाण्यात चमचाभर धुण्याचा सोडा कालवून आधी फवारा. वाळला की रंग मळतो, म्हणून दोन-तीन मिनिटांत शॉट घ्या. दोन बाय दोनचे प्लायचे तीन तुकडे सारवून ठेवा, तीन टेक मिळतील. लिंबाचं पाणी मारलं की लाल परत पिवळं होतं, शेवटासाठी ते जपून ठेवा.

चुना आणि सोडा डोळ्यांना, त्वचेला घातक. पंजा मोठ्या बाईचा, मुलगी फक्त साध्या भिंतीशी.

आणि पान ६ वर मुलीला हरिपूरच्या पेवात, म्हणजे हळद साठवायच्या जमिनीतल्या खड्ड्यात, उतरवलंय. ते होणार नाही. पेवाचं तोंड अरुंद आणि आत हवा कोंडलेली, प्राणवायू कमी. हळद काढणारे जाणकारही तोंड उघडून बराच वेळ थांबल्याशिवाय उतरत नाहीत. तोंडाचा शॉट बाहेरून घ्या, आतला भाग चार फुटी प्लायच्या गोलात.

पिवळीहळद :

पेव बाहेरूनच घेतो. वाडा गेला, मुंजा गेला, धुरी गेली, पान ९ गेलं. आजीचे पांढरे डोळे काढले, आजी आता हळकुंडं बोटांनी चाचपून प्रत लावते, आईला घरी मिळणारं काम तीच करते. समोरच्या मुलाचं उरलंय. त्यालाही पुडी ओळखीची आहे, हे लिहितोय. त्यासाठी ऐकू येणारा मुलगा घ्यायचा की कर्णबधिर?

तिसरी_घंटा :

कर्णबधिर मुलगाच घ्या, आणि ‘मुका’ हा शब्द पात्रांच्या यादीतून काढा, गल्लीतल्या लोकांच्या तोंडी राहू दे. खेड्यातल्या मुलाच्या खुणा घरच्या असतात, शाळेत गेलेल्याच्या भारतीय सांकेतिक भाषेच्या. तुमच्या पात्रानं कुठं काय शिकलं ते ठरवा आणि सेटवर दुभाषा ठेवा, पालक नव्हे. पालक मुलाऐवजी उत्तरं देतात.

फ्रेम छातीपासून वर आणि दोन्ही कोपर आत. चेहऱ्याचा क्लोजअप घेतलात तर त्याचं बोलणंच कापलं. हातांवर चेहऱ्याइतका उजेड, मागची भिंत गडद आणि साधी. ‘अ‍ॅक्शन’ ओरडून उपयोग नाही. खूण देणारा माणूस कॅमेऱ्याच्या बाजूला त्याच्या नजरेच्या रेषेत हवा, किंवा लाकडी फळीवर पाय आपटून कंप द्या. खांद्याला पाठीमागून हात लावायचा नाही, तो खराच दचकतो आणि तो दचका आपण वापरायचा नाही. त्याच्या दृश्यात बाकीचा ध्वनी हळू करत जायचा मोह होईल. एकदाच करा, कडीच्या चौथ्या वेळी. मुलीला कडी ऐकू येत नाही कारण ती वाजलेली नाही, मुलाला कधीच येत नाही, पण दाराखालची सावली तो आधी बघतो.

समुपदेश :

शेवटच्या पाटीवर मुलांच्या मदतीसाठी १०९८ आणि मनोविकारांसाठी १४४१६ हे दोन्ही क्रमांक सहा सेकंद स्थिर ठेवा, संगीत थांबवून. पहिला खेळ गोदामात काम करणाऱ्या बायकांना आणि त्या जोगतिणींना दाखवा ज्यांच्याकडून तुम्ही माहिती घेतली. त्यांना त्या दिवसाची मजुरी द्या. आणि संकलन पक्कं व्हायच्या आधी दाखवा, म्हणजे त्यांनी सांगितलेलं बदलता येईल.

पिवळीहळद :

दुसरा खर्डा या आठवड्यात टाकतो. पहिल्या शॉटांचा कागद सोबत जोडतो, त्यावरच बोलू. कडी कुठली घ्यावी, साखळीची की सरकती?

कानोसा :

साखळीची. सरकती एकदाच घासते. साखळीची आधी लोंबते, मग कोयंड्यावर आपटते, मग बसते. तीन आवाज मिळतात, आणि तिसरा आवाज न येणं लगेच कळतं. खऱ्या लाकडी दारावर ध्वनिमुद्रण करा, प्लायच्या दारावर ती पोकळ वाजते.